वाऱ्याचा डोळा

फरीदाबाद, रविवार, १६ नोव्हेंबर

वृंदा, माझी मुलगी, सकाळी येऊन गेली. उद्या तिने ठरवलेला कारागीर येऊन घरातील सर्व खिडक्या सीलबंद करणार, स्वयंपाकघरातलीही. बाहेरची हवा विषारी आहे, डॉक्टरांनी माझ्या दम्याविषयी बजावले आहे, हे सर्व मान्य. तरीही दिवसभर जीव थाऱ्यावर नाही.

तिची आई, सुमती, ती स्वयंपाकघरातली खिडकी दिवेलागणीला न चुकता उघडीत असे. लक्ष्मी येण्याची वेळ. सुमती गेल्यापासून मी उघडतो. का? ती श्रद्धा माझी नव्हे.

"बाबा, लक्ष्मीचं माहीत नाही, पण धूर बिल्कुल वेळेवर येतो," वृंदा म्हणाली. "आईलाही मी हेच सांगायचे."

"मग ती काय म्हणायची?"

"म्हणायची, येऊ दे, त्यालाही चहा विचारू."

दोघेही हसलो.

दुपारी उगाच इंग्रजी शब्दकोश उघडला. विंडो. मूळ उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतले: वाऱ्याचा डोळा. तेव्हा काचा नव्हत्या, भिंतीत नुसते छिद्र असे. आपला गवाक्षही गाईचा डोळाच. इतक्या दूरच्या माणसांनाही डोळाच का सुचावा? वाऱ्याचा डोळा. हे वाचायला नको होते.

आत्ता ती खिडकी उघडी आहे आणि खोकला थांबत नाही. वृंदाचेच म्हणणे योग्य आहे. तरी उद्या त्या कारागिराला बाकीच्या खिडक्या बंद करू देईन, ही नाही. वृंदाला कारण काय सांगू? इस्पितळात सुमतीचे डोळे मी या हातांनी मिटले. ते पुन्हा माझ्याने होणार नाही.