पट्टीवरून पळवलेले तीन ऑप्शन

३ मार्च, सोमवार. सकाळी
धाकट्या जावेने कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीवरचं घड्याळ उजवीकडून डावीकडे नेलं. विचारलं तर म्हणे, ताई, तिथे चटकन दिसतं. आठ वर्षं मला उजवीकडे काय कमी दिसत होतं? सासूबाई लगेच म्हणाल्या, पोरीला दृष्टी आहे हो. दृष्टी! चष्म्याचा नंबर माझ्या दुप्पट.
कॉम्प्युटर आमच्या खोलीत. पुसते मी, झाकते मी, वीज वाचावी म्हणून स्क्रीन बंद करते मी. ती वरच्या मजल्यावरून नुसती दहा बोटं घेऊन उतरते.

दुपारी
घड्याळ जागेवर आणलं. सेटिंगमध्ये ‘पट्टी लॉक करा’ असा चौकोन दिसला. टिचकी मारली. आता हलवून दाखव म्हणावं. मनात मत्सर नाही. शिस्त आहे.
आजचं कौतुक: तिचं ३, माझं ०.

४ मार्च
सासूबाई प्रार्थना मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना पट्टीवर एक बटण हवंय, दाबलं की प्रार्थना मोठ्या अक्षरांत उघडायला हवी. रविवारी मंडळ इथेच जमणार. जी हे करील तिला चिटणीस करते, असं जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या.
बारा वर्षं मंडळाच्या प्रार्थना हाताने उतरवतेय, पाठकोऱ्या कागदांवर, एक काना चुकला नाही. पद माझंच. धाकटी म्हणाली, मी पटकन करून देऊ का? मी म्हटलं, राहू दे, तुला वर कामं असतील. असेल पदवीधर. आमच्या वेळचं मॅट्रिक होतं, म्हणावं.
कौतुक: तिचं २ (एक नुसतं विचारल्याबद्दल!), माझं ०.

५ मार्च
पट्टीवर राइट क्लिक केलं. पूर्वी यादी यायची: जोडा, हलवा, काढून टाका, मदत, माहिती. आज फक्त मदत आणि माहिती. कामाचे तिन्ही गायब! मदत उघडली. ती इंग्रजीत.
कळायला वेळ लागला नाही. काल कप ठेवायला आली तेव्हा दोन मिनिटं रेंगाळली होती. कुलूप असूनही आत शिरली, म्हणजे केवढी पोचलेली! बरं झालं लॉक केलं, नाहीतर सगळीच यादी नेली असती.

६ मार्च
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ऑप्शन चोरून ती करणार काय, वर शोकेसमध्ये मांडणार? भावजयीविरुद्ध एक शब्द निघेल तर शपथ. हेही कौतुकातच धरलं. तिचं १.
दोन माळा जप जास्त केला. मणी ओढताना बोट आपोआप राइट क्लिक करतं. देव समजून घेईल.
संकल्प: उद्यापासून तिचा विचार बंद.

७ मार्च
तिचा विचार केला.
कॉम्प्युटर सात वेळा बंद-चालू केला. स्क्रीनचा खालचा भाग ओल्या फडक्याने पुसला. मग नेटवर वाचून पट्टी ‘मूळ स्थितीत’ आणली. मूळ स्थितीत घड्याळ डावीकडे असतं असं दिसतं. कंपनीलाही तिनेच फितवलं की काय! ऑप्शन नाहीतच. कुलूप तेवढं शाबूत, तपासलं. देवाची कृपा.

८ मार्च
सासूबाईंनी विचारलं, झालं का? म्हटलं, झाल्यातच जमा. चिटणीसाच्या सहीचा सराव केला. ‘णी’ सुरेख येतो.

९ मार्च, रविवार. दुपारी
चौदा बायका जमल्या. सासूबाई बोट वर करून स्क्रीनपुढे बसल्या. बटण कुठे? मी म्हटलं, आज वीज जरा कमी आहे. कुणीतरी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.
धाकटी वाकली. सेटिंग उघडलं. चौकोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. कानाशी येऊन विचारलं, ताई, हे लॉक तुम्ही केलंत का? मी म्हटलं, हो, चोरांसाठी. तिने चौकोनातली खूण काढली. राइट क्लिक. जोडा, हलवा, काढून टाका. तिघेही हजर, जसे कधी कुठे गेलेच नव्हते.
मग मोठ्याने म्हणाली, सगळं ताईंनीच केलंय, शेवटची टिचकी तेवढी राहिली होती. आणि माउस माझ्या हातात दिला.
मी बटण जोडलं. सासूबाईंनी दाबलं. तळहाताएवढी अक्षरं! माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, मोठीला डोकं आहे हो. चिटणीसपद मला मिळालं.

संध्याकाळी
सोमवारचं पान उलटून पाहिलं. ‘पट्टी लॉक करा’, टिचकी मारली, असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे.
आजचं कौतुक: माझं १. लिहिलं, खोडलं. तिच्या नावावर लिहिलं. तेही खोडलं.
घड्याळ डावीकडेच राहू दिलंय. चटकन दिसतं.