केबिनमधली रिकामी जागा

४ एप्रिल
आलो एकदाचा! औरंगपुऱ्यात वरच्या मजल्यावर झकास खोली मिळाली. शेंद्र्याला कंपनीच्या पेंटशॉपमध्ये नोकरी आहे, आणि लेकीची, समूची, परीक्षा संपली की रत्नमाला तिला घेऊन सिल्लोडहून येणारच. रिक्षावाल्याला वाटलं खोक्यात काचेची भांडी आहेत. होती माझी रेल्वेची खेळण्यातली डिझेल इंजिनं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी! टवके उडालेली जुनी घ्यायची, रंग उतरवायचा आणि नव्यानं रंगवायची. रत्नमाला त्यांना सवत म्हणते.

घरमालकीण द्वारकाबाईंनी कपाट दाखवलं. आधीच्या भाडेकरूंचे शर्ट तसेच टांगलेले: हिरवा, तपकिरी, राखाडी. खालच्या फळीवर, काय नशीब, एक इंजिन! लई गुणाची माणसं व्हती पन सामान टाकून गेली, पायजे तर घ्या, असं त्या म्हणाल्या. मी कशाला नको म्हणतोय!

७ एप्रिल
इंजिन थिनरनं स्वच्छ केलं. केबिनमधला ड्रायव्हर बोटाच्या पेराएवढा, पण अंगावर रंगाचे थर केवढे! आधी राखाडी निघाला, मग तपकिरी, तळाशी हिरवा. केबिनमध्ये मावावा म्हणून कुणीतरी त्याचे पाय गुडघ्यापासून कापलेले होते. तसं करावंच लागतं. माझी जुनी खोड अशी, की ड्रायव्हरला मी माझाच शर्ट घालतो. यालाही माझा निळा शर्ट रंगवला.

समूनं फोनवर हट्ट धरला, मला पण बसव. ड्रायव्हरशेजारची असिस्टंटची जागा रिकामीच होती. तेवढीच एक बाहुली घेतली, तिचे पाय कापले, समूचा वाढदिवसाचा पिवळा फ्रॉक रंगवला आणि तिला बसवलं. फोटो पाहून पोरगी हरखली. इंजिन फळीवरून घरंगळू नये म्हणून चाकं चिकटवून टाकली.

११ एप्रिल
दोरीवर वाळत घातलेला निळा शर्ट सापडेना. कपाटात निघाला, त्या तीन शर्टांच्या शेजारी. मी ठेवला नव्हता. हिरवा, तपकिरी, राखाडी, निळा. ड्रायव्हरवरच्या रंगाच्या थरांचाच क्रम, तळापासून वर.

द्वारकाबाईंना खोदून विचारलं. म्हणाल्या, त्या समद्यांनी बी इंजिन रंगवलं व्हतं. मंग पायात जीव नाय म्हनायचे, अन् एक दिवस खोलीत नुसता शर्ट. आधीच सांगितलं असतं तर खोली कोन घेतं, असंही वर म्हणाल्या.

कंपनीच्या बसमधून उतरताना माझे पाय लटपटले. उन्हाचं असेल.

१३ एप्रिल
गुडघ्याखाली काही कळत नाही. टाचणी टोचून पाहिली.

रत्नमालाचा फोन आला. समू अंगणात पडली, तिला उठताच येत नाही. डॉक्टर म्हणतात पायांना काही झालेलं नाही. मी कापले ते. मीच, माझ्या हातानं—

१४ एप्रिल
ड्रायव्हरचा निळा रंग उतरवायला घेतला. त्याच्या पाठीला थिनर लागताच माझ्या पाठीची कातडी सोलून आली. म्हणजे सात तारखेला मी त्या तिघांना—

समूच्या फ्रॉकला हात लावायची हिंमत नाही. रंग काढला तर पोरगी सोलून निघेल. ठेवला तर—

खाली जयंतीची मिरवणूक, डीजे. माझी हाक कुणाला ऐकू जात नाही.

रत्नमालाला म्हणालो, येऊ नका. ऐकत नाही. उद्या इथल्या मोठ्या डॉक्टरला दाखवणार. समू पिवळा फ्रॉक घालायचा म्हणते.

१५ एप्रिल
त्यांची बस फुलंब्रीला पोचली.

सरपटत कपाटापर्यंत— पिवळा फ्रॉक. निळ्या शर्टाच्या शेजारी. अजून कोमट.

फोन. रत्नमाला किंचाळते आहे, मांडीवर होती हो, आत्ता होती—

डिझेलचा वास. समोर काच. काचेपलीकडं केवढी मोठी खोली.

समू शेजारी बसली आहे. रडत नाही. विचारते, बाबा, गाडी कधी सुटणार? काय सांगू पोरीला, चाकं तर मीच चिकटवून—