पिल्लापेक्षा जड साखळी

निलंगा, रविवार, संध्याकाळ

दत्ताभावजींनी मला न विचारता हरणीचं पिल्लू देऊ केलं, म्हणून लिहायला बसले. हरणी माझी कारवान कुत्री. तिची पिल्लं जेमतेम महिन्याची, अजून तिला पितात. आणि माझे दीर उदगीरच्या पाहुण्यांना शब्द देऊन मोकळे! पाहुणे दुपारी हजर. हातात नारळ, टॉवेल आणि बैलाची साखळी. बैलाची!

पाहुणे म्हणाले, "आईला लई दिवस प्यालं की कुत्रं नरम पडतंय, बाई. राखणीला तिखट राहत न्हाई."

"दोन महिने आईजवळ राहू द्या, लस टोचते, मग न्या. आणि साखळीला बांधणार असाल तर तेव्हाही मिळणार नाही."

भावजी तापले. "वहिनी, पाव्हण्यासमोर माझं नाक कापायलाव तुमी."

"शब्द देताना हरणीला विचारलं होतं का?"

पाहुणे हसले, भावजी नाही. वर भावजीच म्हणतात, हरणीला पुढच्या माजावर पुन्हा नर दाखवू, त्यातलं देऊ. तिच्या बरगड्या अजून मोजता येतात! "वर्षभर नाही," असं तिथंच सांगितलं.

जास्त बोलले का? पाहुण्यांदेखत तरी... नाही. ती साखळी मी उचलून पाहिली. पिल्लापेक्षा जड. भावजी जेवले नाहीत. न जेवोत.

उदगीरच्या पाहुण्यांच्या हाती परत दिलं: नारळ, टॉवेल, साखळी. पिल्लू दिलं नाही. ते हरणीच्या पोटाशी आहे.