भोंगा बंद, पाच मिनिटं

ता. २ फेब्रु.

आणि वर परत दादाच म्हणतो की मी भांडतो. मी कुठं भांडतो. फोन त्याचा, आवाज त्यानं चढवला, आणि आईला सांगताना काय, तर दत्ताच फाडफाड बोलला. त्याचं एकच चालू. ॲम्ब्युलन्स चालवणं ही काय नोकरी हाय का, दुसऱ्याचे मुडदे वाहतो, सोड आणि गावाकडं खर्ड्याला ये, दोघं मिळून पिकअप घेऊ. दोघं मिळून म्हणजे पैसे माझे आणि स्टेअरिंगला तो.

तीन वर्षं झाली मला इकडं श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला. म्हणायला जिल्हा एकच, पण एस्टीनं घरी जायचं तर दिवस मोडतो. दर महिन्याला नऊ हजार आईच्या खात्यावर टाकतो. एक महिना चुकला नाही. ते पैसे बरे चालतात, मुडद्यांचे असले तरी.

फोन कापला. परत आला, उचलला नाही.

ता. ५ फेब्रु.

मॅडमशी वाजलं. आमच्या गाडीवरच्या डॉक्टर. मागं पेशंटपाशी त्या, पुढं मी. आठ महिन्यांत एकदा नावानं हाक नाही. पायलट. कागदावर ड्रायव्हरला पायलट म्हणतात, पगार मात्र ड्रायव्हरचाच.

पोरगं चार वर्षांचं, दमा. तोंडाला मास्क लावू देईना, त्याच्या आईला चावलं. गाडी रेल्वे फाटकात अडकलेली. मागं गेलो, रबरी हातमोजा फुगवला, गाठ मारली, पाच बोटांचा तुरा करून कोंबडा म्हणून दाखवला. कोंबड्याच्या नाकाला आधी मास्क, मग त्याच्या. घेतला मुकाट.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, हातमोज्यांचा हिशोब मला द्यावा लागतो. आणि पेशंट आत असताना सीट सोडायची नाही, किती वेळा सांगायचं. मी म्हणालो, गाडी उभी होती, फाटक बंद होतं.

"मग फाटकाकडं बघत बसायचं."

बघत बसायचं म्हणे. आठवी शिकलेल्या माणसाला एवढंच काम.

ता. ११ फेब्रु.

आजचं सगळं लिहून ठेवतो. उद्या कोण काय म्हणेल भरवसा नाही.

दुपारी कॉल. वस्तीवर पोरीचा हात कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. नाव आरोही, आरू म्हणतात, सात वर्षांची. चुलता कडबा घालत होता, ती शेजारी उभी. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं. कुणीतरी हळद कोंबून फडकं बांधलेलं. आई-बाप कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. नातेवाईक एकच घ्यायचा असा नियम, म्हणून चुलता आत बसला.

गाडीचं दार उघडलं तशी पोरगी किंचाळायला लागली. हातासाठी नाही, गाडीसाठी. तिच्या आजोबांना मागच्या साली अशाच गाडीतून नेलं होतं. "आबांना नेलं, मग आणलं तर आबा बोलंनात." हे ती दहादा म्हणाली. कुणी ऐकत नव्हतं. मॅडम बँडेज बांधत होत्या, चुलता दोन्ही खांदे दाबून ओरडत होता, गप पड, तुझ्यामुळंच झालंय हे.

नियम असा की पेशंट आत असला की भोंगा चालू. मी चालू केला. भोंगा वाजला की ती लाथा झाडायची. बँडेज सुटलं. मॅडमनी परत बांधलं. परत सुटलं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा आरशात मला मॅडमची बाही दिसली, कोपरापर्यंत लाल.

रसवंतीपाशी गाडी बाजूला घेतली. भोंगा बंद केला. उतरून मागचं दार उघडलं. चुलत्याला म्हणालो, तुम्ही पुढं बसा. तो म्हणाला, तू कोण सांगणारा. दंडाला धरून उतरवला. मॅडम म्हणाल्या, पायलट, गाडी का थांबवली. मी पोरीकडं वळलो.

पोरीला सांगितलं, ही गाडी आता तुझी. तू वाजव म्हणशील तेव्हा भोंगा वाजंल, बंद म्हणशील तेव्हा बंद. माझ्यावर विश्वास नव्हता तिचा. बंद म्हणून बघितलं. बंदच होता. म्हणाली, वाजव. पुढं जाऊन वाजवला. बंद म्हणाली, बंद केला. मग केबिनच्या मधल्या खिडकीतून लाऊडस्पीकरचा माईक मागं दिला, वायर पुरली. म्हणालो, रस्त्यात कोण आडवं आलं तर तू बोलायचं, मी बोलणार नाही.

रडणं थांबलं असं नाही. हुंदके चालूच. पण हात हलवायचा थांबली. मॅडमनी चौथ्यांदा बँडेज बांधलं, हात उंच धरला, बँडेज टिकलं. गाडीच्या घड्याळात पाच मिनिटं गेली होती.

पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. हे लोक भोंग्याला कधी बाजूला होत नाहीत, कानात बोळे घातल्यासारखे. स्पीकरमधून पोरीचा आवाज आला, नाक ओढत. "ओ उसवाले काका, सरका की. माझं बोट तुटलंय."

ट्रॅक्टर असा बाजूला गेला की चाक रस्त्याकडच्या चारीत जाता जाता राहिलं.

श्रीरामपूरला दवाखान्यात आत नेताना माईक सोडत नव्हती. मॅडमनी काढून घेतला आणि माझ्याकडं फेकला.

ता. १३ फेब्रु.

व्हिडिओ फिरतोय. रसवंतीवरच्या कुणीतरी काढला. भोंगा बंद, मागचं दार उघडं, मी मधल्या खिडकीतून माईक दाखवतोय आणि दात दिसतायत माझे. खाली लिहिलंय, लेकरू तडफडतंय आणि ड्रायव्हरचा खेळ चाललाय. बँडेज नाही दिसत त्यात. ट्रॅक्टर तर नाहीच.

दादाचा फोन. आख्खं खर्डं बघतंय म्हणाला. नाव काढलंस. मी म्हणालो, पुरा व्हिडिओ तर बघ. म्हणाला, तीनदा बघितला. तीनदा बघितला पण एकदा विचारलं नाही.

आईनं फोन हिसकावून घेतला. म्हणाली, "दुखतंय का रं तिला अजून?" मी दवाखान्यात परत जाऊन आलोच नव्हतो.

ता. १६ फेब्रु.

नोटीस. सुपरवायझर साहेबांनी व्हॉट्सॲपवर पाठवली आणि मग फोन करून वाचूनही दाखवली, मला वाचता येत नाही असं समजून. पेशंट असताना विनाकारण थांबा. सायरन बंद. चालकाने जागा सोडली. यंत्रणेचा गैरवापर. यंत्रणा म्हणजे माईक. उद्यापासून ड्युटी बंद, पगार थांबवला.

करंगळी गेली. दुसरं बोट राहिलं.

चुलत्यानं अर्ज दिलाय की ड्रायव्हरनं पाच मिनिटं खेळ केला म्हणून बोट गेलं. मशीन कोण चालवत होतं ते अर्जात नाही.

ता. १८ फेब्रु.

दवाखान्यात गेलो. आरूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला जिन्यात गाठलं. ते म्हणाले, मशीननं चेंदा केला होता, पाच मिनिटं काय, उडत आणलं असतं तरी ती करंगळी राहिली नसती. म्हणालो, हे कागदावर द्या. घड्याळ बघितलं आणि वर निघून गेले.

वॉर्डच्या दारात चुलता. म्हणाला, आता कशाला आलास, उरलेली बोटं मोजायला? मी बी ऐकलं नाही. तुझ्या मशीनला विचार म्हणालो. कॉलर धरली त्यानं. पोरीचा बाप मधी पडला. बारका माणूस, चार रात्री झोपलेला नसावा. भावाचा हात माझ्या कॉलरवरनं सोडवला. फक्त म्हणाला, भेटून घ्या, सारखी भोंगावाला भोंगावाला करतीय.

आरू खाटेवर. हात पांढऱ्या गुंडाळीत, उंच बांधलेला. मला बघून हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. चुलता पाठीमागं उभाच होता, म्हणून हळू बोलली.

"मी भोंगा वाजवला म्हणून गेलं का बोट?"

कोण म्हणालं, विचारलं. तिनं डोळ्यानंच माझ्या मागं दाखवलं.

न्हाई म्हणालो. दोनदा म्हणालो. पण मी कोण. नोटीस आलेला ड्रायव्हर.

ता. २१ फेब्रु.

मॅडमचा खुलासा वाचायला मिळाला. पायलटने माझ्या सूचनेशिवाय वाहन थांबवले. हे पहिलंच वाक्य. डोकं फिरलं. तसाच गाडीपाशी गेलो. नवीन ड्रायव्हर आरसा पुसत होता, त्याला सुद्धा पायलट म्हणत होत्या.

म्हणालो, हे काय लिहिलं तुम्ही. म्हणाल्या, खोटं आहे का? खोटं नव्हतं. म्हणाल्या, खालचं वाच. खाली लिहिलं होतं, बँडेज तीन वेळा सुटले, वाहन थांबल्यानंतर रुग्ण शांत, चौथे बँडेज टिकले, रक्तस्राव नियंत्रणात. वेळेसकट. त्या दिवशीच्या कागदातलं जसंच्या तसं उतरवलेलं.

"झालं ते लिहिलं. तुझ्या बाजूनं नाही लिहिलं, तिच्या चुलत्याच्या बाजूनं पण नाही."

मग थांबल्यामुळंच टिकलं एवढी एक ओळ टाका म्हणालो. म्हणाल्या, ते माझं मत झालं, मत मागितलेलं नाही. हातमोजे मोजायला लागल्या.

माणूस आहे का कपाट.

ता. २५ फेब्रु.

नगरला ऑफिसात बोलावलं. दोन तास बाकावर. मग साहेबांनी आत घेतलं, चहा दिला. चहा दिला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. टाईप केलेला कागद पुढं सरकवला. दोनच ओळी. माझ्या चुकीमुळे विलंब होऊन रुग्णाचे नुकसान झाले. पुन्हा असे होणार नाही.

म्हणाले, सही कर, संध्याकाळपर्यंत पगार सोडतो, सोमवारी गाडीवर ये. अर्जदाराला एक प्रत दिली की तो पण गप्प, व्हिडिओ आपोआप विसरतील लोक.

अर्जदार म्हणजे चुलता. त्याला प्रत.

मी विचारलं, प्रत कशाला. म्हणाले, पद्धत आहे. मी म्हणालो, तो ती पोरीला वाचून दाखवंल. साहेबांना कळलं नाही. कळून घ्यायचं पण नव्हतं. म्हणाले, अरे बोट तर गेलंच ना, तुझ्या सहीनं परत येणार आहे का.

उजव्या हाताचं बोट. शाळेत पाटीवर हात टेकवला की दर वेळी दिसणार. आणि घरात त्याच माणसानं सांगायचं की बघ, तू भोंगा भोंगा खेळत बसलीस. कागदावर सही आहे बघ, ड्रायव्हरनं स्वतः लिहून दिलंय.

म्हणालो, विचार करतो. म्हणाले, शनिवारपर्यंत कर.

कागद घडी करून खिशात आणला.

ता. २७ फेब्रु.

दादाला कसं काय कळलं कोण जाणे, सकाळीच फोन. सही करून मोकळा हो, एक पोरगी कोण कुठली, तुझी कोण लागती. आज पहिल्यांदा म्हणाला, नोकरी टिकव. मुडदे वाहायची नोकरी. मी हसलो तर अजून चिडला.

पोरीच्या बापाचा पण फोन. घाबरत बोलला. भावाच्या विरोधात मला कुठं लिहून देता येणार नाही, एकाच घरात राहायचंय. मी काही मागितलंच नव्हतं. मग म्हणाला, आरू डाव्या हातानं जेवायला शिकतीय. मशीनवर ताडपत्री टाकलीय. ठेवायच्या आधी म्हणाला, ती विचारतीय, गाडी अजून तिचीच हाय का.

हाय म्हणून सांगा, म्हणालो. गाडीवर मीच नाही ते सांगितलं नाही.

ता. २८ फेब्रु., शनिवार

साहेबांचा फोन अकराला, एकला, साडेचारला. साडेचारचा उचलला. म्हणाले, काय ठरलं. मी म्हणालो, दुसऱ्या ओळीवर सही करतो, पहिली खोडा. म्हणाले, खोडता येत नाही. मग ऱ्हाऊ द्या म्हणालो. ते म्हणाले, पगाराचं विसर मग, प्रकरण वर जाईल, वर काय होईल मी सांगू शकत नाही. मी म्हणालो, तुम्ही कधी सांगितलंय.

श्रीरामपूरच्या एका वॉशिंग सेंटरवर आठ दिवस गाड्या धुतल्या. हात फुगलेत. त्यातून खोलीचं भाडं दिलं. पासबुकात नऊ हजार नाहीत बघून दादा ओरडणार, आईनं त्याच्याकडं लक्ष देऊ नये.

आईच्या खात्यावर, अठराशे रुपये.