निरोग्यांच्या रांगेत माझं रक्त

तात्या, तुमच्या हाताला काय झालं होतं ते आता कळलंय. इतक्या वर्षांनी सांगून काय उपयोग, असं म्हणाल, पण सांगितल्याशिवाय राहवेना. तुमची पणती, माझ्या थोरल्याची लेक, पुण्याला प्रयोगशाळेत रक्तं तपासते. मी तिला तुमचं सांगत होते. पळसदेवचं घर, तुम्ही चुलीपाशी बसलाय, उजवा हात मांडीवर नुसता पडलाय आणि तरी थरथरतोय, तंबाखू मळावी तशी बोटं चाललीत, हातात तंबाखू नाही. आई पेला अर्धाच भरते, चहा सांडू नये म्हणून. आणि गाव म्हणतं, म्हातारा घेतो. तुमच्यासारखा माळकरी माणूस! पोरगी सगळं ऐकून म्हणाली, "आजी, पणजोबांना पार्किन्सन असणार. मेंदूचा आजार आहे तो. दारूचा काय संबंध?" मला तर वाटलं, पारावर जाऊन ओरडून सांगावं. पण म्हणणारेच कुणी राहिले नाहीत.

तिचं काम मला तिनं वांगं चिरता चिरता समजावलं. चिरलेली फोड पाण्याबाहेर राहिली की काळी पडते ना, तसं शरीरात आतल्या आतही होतं म्हणे. श्वास घेतो, जेवतो, त्यातनं ताकद निघते आणि ठिणग्याही उडतात. शरीर त्या विझवतं. विझवणं कमी पडलं की मेंदूला चटके बसतात. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्या चटक्यांच्या खुणा रक्तात सापडतात, त्याच ती शोधते. मी विचारलं, "मग त्या चटक्यानंच रोग होतो व्हय?" तर म्हणाली, "आधी चटका का आधी रोग, तेच तर कळायचंय." एवढं शिकून पोरगी कळायचंय म्हणते, मला बरं वाटलं. आजाऱ्यांच्या रक्ताशेजारी ठेवायला त्यांना निरोगी म्हाताऱ्यांचंही रक्त लागतं. मी म्हटलं, माझं घे. ती म्हणाली, आधी डॉक्टर तपासतील, आणि तोवर रोजचंच खा, वेगळं काही नको.

आता निमगाव केतकीत राहून दारात डाळिंबाची बाग, आणि डाळिंब ठिणग्या विझवतं असं कुठंतरी कानावर आलेलं. मी सकाळ-संध्याकाळ वाडगाभर दाणे खाऊ लागले. पुढच्या खेपेला पोरीनं गोठ्यामागं सालींचा ढीग बघितला.

"आजी, हे काय गं?"

"रक्त चांगलं निघाया नको? तुझी मान खाली जायची."

"अगं, मला तुझं रोजचं रक्त पाहिजे! पाहुणे येणार म्हणून सारवलेलं नको."

मला तुम्ही आठवलात. माती तपासायला द्यायची म्हणून तुम्ही उकिरड्याशेजारची काळीभोर माती पिशवीत भरली होती. शेतकीचे साहेब म्हणाले, "तात्या, सगळ्या रानात उकिरडाच हाय का?" तर तुम्ही म्हणालात, "साहेब, पोरगी दाखवायची तर आंघोळ घालूनच दाखवत्यात की." आई पदर तोंडाला लावून हसत होती.

हे ऐकून पोरगीही हसली, पण मधेच थांबली. "खरं सांग, भ्यालीस का?" मग मी हात पुढं केला. सुई ओवताना हलतो, चहा ओतताना हलतो. मला वाटलेलं, रक्तात सगळं उघडं पडंल, तुमचंच दुखणं निघंल. ती म्हणाली, "ह्या खुणा एकट्या माणसाचं असलं काही सांगत नाहीत अजून. हात डॉक्टरांनीच बघायला पाहिजे."

बारामतीला नेलं. डॉक्टरांनी चालवलं, बोटं आपटायला लावली, हात मांडीवर ठेवायला सांगितला. मांडीवर हात गप्प, मांजरासारखा. म्हणाले, "आजी, तुमचा हात काम करताना हलतो, वडलांचा रिकामा असताना हलायचा. हे वेगळं. आज तरी तो आजार दिसत नाही. सहा महिन्यांनी दाखवा." तात्या, मी तिथंच पोरीला म्हटलं, घे आता रक्त! ती म्हणाली, "आधी महिनाभर भाकरी-कालवण खा." ते खाल्लं आणि काल दिलं. निरोग्यांच्या रांगेत बाटली लागली माझी. शेजारच्या रांगेत तुमच्यासारख्यांच्या. उद्या कुणाला वेळेत ओळखू आलं, औषध निघालं, तर दोन्ही रांगांचं नाव होईल.

हे पत्र कुठं टाकणार, ट्रंकेतच राहील. आणि एक सांगते, रागावू नका. नुसतं तुमच्यासाठी नाही लिहिलं. डॉक्टर म्हणाले होते, अधनंमधनं पानभर लिहा, ह्या आजारात अक्षर बारीक होत जातं. आता पहिल्या ओळीवर बोट ठेवून ह्या ओळीशी ताडून बघतेय. वाकडं आहे, पण तेवढंच मोठं आहे.