सावनीची हाक

सांगली, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कांचन हिस, पद्मिनीचे अनेक आशीर्वाद.

लखनौहून सुखरूप पोचले. तुझ्या पोळ्या भोपाळपर्यंत पुरल्या. माझ्या दहा दिवसांच्या मुक्कामात एक काम तरी झालं, तुझी सावनी झोपायला शिकली. सात वर्षं तुम्ही दोघं तिच्या एका 'करवट'ला धावत होता. कूस वळवा म्हणायलाही पोरीला हिंदीच सुचतं! शेवटच्या तीन रात्री तुला पलीकडच्या खोलीत निजवून मी तिच्याजवळ राहिले. दोन रात्री ती बोलावत राहिली, मी ढिम्म हलले नाही. तिसऱ्या रात्री शांत. सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून लाड किती करायचे? आता तूही झोप. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांमुळे तू अनुपची थोरली बहीण वाटतेस, आणि ती तर मी आहे.

माया आहेच, तुझीही राहू दे.
पद्मिनी

लखनौ, १० नोव्हेंबर

ती. वन्सं यांस, सा. न.

फोनवर भलतंसलतं बोलले असते, म्हणून लिहितेय. सावनीने झोपायला नाही, हाक न मारायला शिकून घेतलंय.

तिचे पाय रात्री ताठतात, तिला स्वतःहून वळता येत नाही, हे तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं. तुम्ही गेलात त्याच दिवशी तिच्या कमरेच्या हाडावर लाल चट्टा दिसला. निशातगंजच्या फिजिओबाईंनी विचारलं, रात्री हिला कुणी वळवत नाही का? त्या रात्री दिवा लावला तर पोरगी टक्क जागी. बोलावत नाही, नुसती बघते.

पूर्वी ती हाक मारेपर्यंत तरी माझा डोळा लागायचा. आता दर तासाला अलार्म लावते. अनुप रेल्वेच्या ऑफिसात डुलक्या घेतो. तिच्याजवळ मोजून दहा-बारा शब्द, त्यातला एक तुम्ही काढून घेतलात. आणि तुमच्याहून जास्त संताप मला माझाच येतो. त्या तीन रात्री मी गाढ झोपले, वर तुमचे आभारही मानले.

लोभ ठेवा, असं आज लिहवत नाही.
कांचन

सांगली, १७ नोव्हेंबर

चि. सौ. कांचन हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. पत्र वाचून आधी तुझाच राग आला. मग दुसरी रात्र आठवली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी डोळे मिटून घेतले होते. हे तुला सांगितलं नव्हतं.

सव्वीस तारखेच्या गाडीने निघतेय. दर तासाला मी उठेन. तू झोप, नाहीतर मला शिव्या देत जागी बस. सावनीने मला हाक मारली की मगच परतेन.

लोभ मागत नाही. तिला कसं वळवायचं, तेवढं शिकव.
पद्मिनी