शेळ्यांचे पक्के घर

मी, सुयोग सर्जेराव भापकर, वय २८, धंदा गवंडीकाम, मूळ राहणार कऱ्हाटी, सध्या बारामतीत भाड्याच्या खोलीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. शिक्षण नववीपर्यंत. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर हल्ली मला बाहेर बसवून वडिलांशीच बोलतात, त्यावरून मी काय ते समजलो.

कलम १. कऱ्हाटी गावठाणातील मिळकत, दहा बाय सोळा, विटांच्या भिंती, वर स्लॅब. हा शेळ्यांचा गोठा आहे. काम शिकत असताना मी पहिला स्लॅब यावरच टाकला. वडिलांना, म्हणजे आबांना, इतका आनंद झाला की ग्रामपंचायतीत जाऊन त्यांनी तो ‘पक्के घर’ म्हणून माझ्या नावावर लावला. म्हणाले, “पोराच्या नावावर कायतरी पायजे.”

याच कारणाने बारामतीतील फ्लॅटसाठी केलेला आमचा सरकारी अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला. अर्जदाराच्या कुटुंबाचे देशात कुठेही पक्के घर असू नये, अशी अट आहे. मी म्हणालो, “साहेब, त्यात शेळ्या बांधतो.” साहेब म्हणाले, “कागदावर शेळ्या दिसत नाहीत, भाऊ.” अनुदान नाही म्हणून कर्ज जमले नाही, आणि बिल्डरने टोकन परत दिले नाही. त्याच्या इमारतीचा दुसऱ्या मजल्याचा गिलावा माझ्या हातचा आहे. तोही त्यालाच लखलाभ.

सदर गोठा माझ्या पश्चात माझी पत्नी मनिषा हिला देऊ नये. त्यातील कोणताही हिस्सा देऊ नये. हे रागाने लिहीत नाही. गोठा तिच्या नावावर आला तर तीही पक्क्या घराची मालकीण ठरेल. विधवेला योजनेत प्राधान्य आहे. माझ्या मरणाचा तेवढा एक उपयोग आहे, तो तरी गोठ्यापायी जाऊ नये.

आधी मी गोठा आबांना लिहिला होता. वकील म्हणाले, आबांच्या माघारी तो फिरून सुनेच्या वाट्याला येऊ शकतो. म्हणून ते खोडून बहीण स्वरूपा हिला देतो. मोरगावला तिचे दोन मजली घर आहे, तिचे काही बिघडत नाही. आताच बक्षीसपत्र केले असते, पण त्याला मुद्रांक शुल्क लागते आणि हातातले सगळे तपासण्यांत गेले. मृत्युपत्राला शुल्क नाही.

स्वरूपा फोनवर म्हणाली, “दादा, शेळ्या पण माझ्याच का मग?” हसवायला बघत होती, पण तिलाच हसू आले नाही. शेळ्या आबांच्याच राहतील.

कलम २. थाप्या, रंधे व पाणसळ मनिषाने विकावीत. ओळंबा विकू नये. घर बघायला जाशील तेव्हा भिंतीला लावून बघ, सरळ आहे का. बिल्डरच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

कलम ३. घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घे. बाईला मुद्रांक शुल्क एक टक्का कमी आहे. शुद्ध शब्द ‘मनीषा’, पण आधारवर ‘मनिषा’ असा ऱ्हस्व पडला आहे. अर्जात चुकीचेच लिहावे, नाहीतर अर्ज परत येतो. म्हणून मीही इथे तसेच लिहिले आहे. दुसरे लग्न केलेस तर माझी हरकत नाही. त्याच्या नावावर पक्के घर आहे का, ते मात्र आधी विचार. तोपर्यंत दस्तात तुझ्या नावानंतर नवऱ्याचे म्हणून माझे नाव येईल. त्या घरात मला तेवढी जागा पुरे.

हे वाचून दाखवले तेव्हा मनिषा म्हणाली, “मला न्हाय पायजे घर. तुमी घरी या.” कोणत्या घरी, ते मी विचारले नाही.

साक्षीदारांबाबत: आबांना या मृत्युपत्राने काहीच मिळत नाही, म्हणून त्यांची साक्ष चालते, असे वकील म्हणाले. आबांनी चष्मा पुसला. म्हणाले, “आण हिकडं. तुजा जल्माचा दाखला काढताना बी म्याच सही केली व्हती.”

लिहून देणार: सुयोग सर्जेराव भापकर
साक्षीदार १: सर्जेराव भापकर (वडील)
साक्षीदार २: विजयसिंह जगताप (मुकादम)
ठिकाण: बारामती
दिनांक: ७ ऑगस्ट २०२५